सहावा विजय

मी मूळचा कोल्हापूरचा. फुटबॉल म्हटलं की डोळ्यांसमोर शाहू स्टेडियम आणि तालमींची ईर्षा येते. अमेरिकेत ज्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागात मी हिशेब बघतो, तिथला फुटबॉल मात्र हातात धरून पळायचा असतो. हे पचायला मला दोन वर्षं लागली. त्याच्या वेळापत्रकाचं गणित लवकर जमलं, असा माझा 2019 च्या फेब्रुवारीपर्यंत समज होता.

आमचा संघ धड वरचा नाही, धड खालचा नाही. एफबीएस या वरच्या विभागात आहोत, पण धाकट्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात. 12 सामन्यांपैकी 8 कॉन्फरन्समधले, ते ठरलेलेच असतात. उरलेले 4 आम्ही जमवायचे, आणि वर्षाची सगळी खटपट त्या चारांत. एकदा बड्या विद्यापीठाच्या मैदानावर जाऊन मार खायचा आणि त्याचे दहा-बारा लाख डॉलर घेऊन यायचं. त्या पैशावर आमचं पोहणं, टेनिस, मुलींचं सॉकर चालतं. याला ‘गॅरंटी गेम’ म्हणतात. गॅरंटी फक्त पैशाची. मग त्यातलेच थोडे खालच्या एफसीएस विभागातल्या एखाद्या संघाला देऊन त्याला आपल्या घरी बोलवायचं आणि जिंकायचं. हे सगळं सहा विजयांसाठी. सहा झाले की हंगामाअखेरच्या बाउल सामन्याची आशा धरता येते.

त्या फेब्रुवारीत एके दिवशी सकाळी ऑफिसात आल्याआल्या कळलं की सप्टेंबरात आमच्याकडे खेळायला येणाऱ्या संघाने करार मोडला. दंडाची रक्कमही भरून मोकळे झाले. आठ-आठ, दहा-दहा वर्षं आधी ठरणाऱ्या या धंद्यात सात महिने म्हणजे लग्नाच्या आदल्या रात्री आचारी पळून जाण्यासारखं.

दुपारपर्यंत तीन पर्याय हाती आले. त्याच शनिवारी एक बडं विद्यापीठ आम्हाला बोलवत होतं, 13 लाख द्यायला तयार. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. हेड कोच म्हणाले, “वर्षातून एकदा पोरं मोडून घेतो, तेवढं पुरे आहे.” त्यांनी सव्हाना स्टेटची आठवण काढली. 2012 मध्ये त्या छोट्या संघाने लागोपाठ दोन शनिवारी असे सामने घेतले. ओक्लाहोमा स्टेटकडून 84–0, मग फ्लोरिडा स्टेटकडून 55–0. दुसरा तर विजा चमकायला लागल्या म्हणून मध्येच थांबवला. सुटले बिचारे, असंच तेव्हा सगळे म्हणाले असतील.

बाकीचे दोन पर्याय एफसीएसचे. 2019 च्या हंगामात शनिवार जास्त पडत होते म्हणून त्या विभागाला 11 ऐवजी 12 सामन्यांची मुभा होती, त्यामुळे रिकामी तारीख असलेले संघ सापडत होते. एक 3 लाख 40 हजार मागत होता, दुसरा पावणेदोन लाख. दोघांनाही आम्ही हरवू असं कोच म्हणाले. मग विचार कसला? मी स्वस्तातल्या संघाची ओळ पिवळी केली आणि एक लाख 65 हजार वाचवल्याच्या थाटात खुर्चीला टेकलो.

नियमांचं काम बघणाऱ्या बाई तोवर गप्प होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, “ते शिष्यवृत्त्या किती देतात?”

मी शोधलं. शून्य. तो संघ पायोनियर लीगमधला, आणि त्या लीगमध्ये फुटबॉलसाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. नियम तेव्हा असा होता: बाउलच्या हिशेबात एफसीएसवरचा एकच विजय धरतात, आणि तोही समोरचा संघ मुभा असलेल्या 63 शिष्यवृत्त्यांपैकी दोन वर्षांच्या सरासरीने किमान 90 टक्के देत असेल तरच. म्हणजे मी पावणेदोन लाखांना असा विजय विकत घेत होतो जो मोजलाच गेला नसता. तो संघ स्वस्त का, हे विचारायला हवं होतं. भाजीच्या गाडीवरसुद्धा मी विचारतो.

कोणी काही बोललं नाही. आमच्या क्रीडा विभागाच्या डायरेक्टरांनी ती ओळ खोडली, 13 लाखांना नकार कळवला आणि महागाचा करार करायला सांगितला. 13 लाख सोडताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

सप्टेंबरात तो 3 लाख 40 हजारवाला संघ आला आणि आम्हाला आमच्याच मैदानावर, आमच्याच बँडसमोर हरवून गेला. असं होतं. 2007 मध्ये मिशिगनने 4 लाख डॉलर देऊन ॲपलाचियन स्टेटला बोलावलं आणि 34–32 ने हार पत्करली, तेही देशात पाचव्या क्रमांकावर असताना. आमची हार कोणाच्या लक्षातही राहिली नाही. करारातल्या तारखेला त्यांचे पैसे मीच पाठवले, आकडा दोनदा तपासून.

हंगाम पाच विजयांवर संपला. नोव्हेंबरअखेर कोच जिन्यात भेटले.

“तुझे ते स्वस्तातले असते तर जिंकलो असतो,” ते म्हणाले.

“मग सहा झाले असते,” मी म्हटलं, “आणि धरले पाचच असते.”

ते दोन पायऱ्या उतरले, थांबले, आणि पुढच्या वर्षीचं वेळापत्रक घेऊन वर ये म्हणाले.