विष्णूच्या चोवीस मूर्तींची वही : केशवाचा माधव कसा झाला

वहीत आतापर्यंत नऊ रूपे रेखाटून झाली आहेत. शंख, चक्र, गदा आणि पद्म ही चार आयुधे चार हातांत बदलून ठेवण्याचे प्रकार बरोबर २४ होतात, आणि संध्येच्या आचमनात केशवापासून श्रीकृष्णापर्यंत घेतली जाणारी नावेही २४ आहेत. मूर्तीचे नाव हातांतील क्रमावरून ठरते, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. अग्निपुराणाच्या ४८ व्या अध्यायात हा क्रम प्रदक्षिणेने सांगितला आहे. देवाच्या उजव्या खालच्या हातापासून सुरुवात करून वर जायचे, डाव्या वरच्या हाताकडे वळायचे आणि डाव्या खालच्या हाताशी थांबायचे. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला की तो केशव.

या महिन्यात माझ्याकडून मोठी चूक झाली. ट्रेसिंग पेपरवर गिरवलेला केशव वहीत उतरवताना कागद पालथा पडला आणि क्रम गदा, चक्र, शंख, पद्म असा झाला, म्हणजे थेट माधवच. जानवे डाव्या खांद्याऐवजी उजव्या खांद्यावर दिसले, तेव्हा चूक ध्यानात आली. छायाचित्रावरून मूर्ती ओळखणाऱ्यांनी आधी जानवे पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

गावाबाहेरच्या एका पडक्या देवळातील मूर्तीपाशी मात्र दुपार सार्थकी लागली. तिचा उजवा खालचा हात मनगटापासून तुटलेला आहे. वरच्या उजव्या हातात गदा, डाव्या हातात चक्र आणि खालच्या डाव्या हातात बोटांनी अलगद पेललेला शंख आहे, त्याच्या वळ्या अजून स्पष्ट दिसतात. तीन आयुधे सापडली की चौथे आपोआप ठरते, म्हणून तुटलेल्या हातात पद्म असणार आणि मूर्ती त्रिविक्रमाची ठरते. हे पद्म पुष्कळदा वरदमुद्रेतील तळहातावर लहानसे कोरलेले असते, त्यामुळे झिजलेल्या मूर्तीत ते सहज नजरेतून सुटते.

काही रूपांचे क्रम ग्रंथाग्रंथांत वेगळे येतात, म्हणून प्रत्येक चित्राखाली आधारग्रंथाचे नाव लिहिण्याची शिस्त मी लावून घेतली आहे. त्याच देवळाच्या ओवरीतील दुसऱ्या मूर्तीचे दोन हात गेले आहेत. तिथे दोन नावे संभवतात. ती दोन्ही सध्या पेन्सिलीने लिहून ठेवली आहेत.