बेल वाजली तेव्हा

काल रात्री परत 'कौन' बघितला, तोही एकटीने. बाहेर पाऊस धो धो, नवरा नाइट शिफ्टला. कुणी सांगितलं होतं? पण जुलैत गोव्यात, ताळगावच्या या फ्लॅटमध्ये दुसरं करणार तरी काय.

रामगोपाल वर्माचा 1999 चा पिक्चर. तीन माणसं, एक घर, गाणं एकही नाही, आणि भूतसुद्धा नाही! टीव्हीवर बातमी की खुनी मोकाट फिरतोय, घरात उर्मिला एकटी, आणि दारात मनोज बाजपेयी, असा काही चिकट गोड बोलतो की आधी हसू येतं आणि मग त्या गोडपणाचीच भीती वाटायला लागते. वर्माचं मला हेच आवडतं, त्याला पडका वाडा लागत नाही, बेल, दार, खिडकी एवढ्यात भागतं. 'भूत' (2003) मध्ये तर सरळ मुंबईतला फ्लॅट, लिफ्ट, वॉचमन. फक्त तिथे बॅकग्राउंड म्युझिक इतकं अंगावर येतं की मी घाबरले का नुसतीच दचकले तेच कळत नाही. 'रात' (1992) मधला कॅमेरा मात्र अजून डोक्यात आहे, खालून खालून सरकत येणारा, कोणाच्या नजरेने बघतोय ते सांगतच नाही.

आजीच्या गावी भुतं सगळी घराबाहेर. देवचार, म्हणजे गावाची राखण करणारा, शिवेवर, त्याला रोट, म्हणजे जाड भाकरी, द्यायचा, रात्री तिकडून जाताना गुमान चालायचं, झालं. त्याची जागा ठरलेली. फ्लॅटमधल्या भीतीला रोट कुठे ठेवणार, शू रॅकवर?

तर साडेअकराला बेल वाजली. मला वाटलं पिक्चरमधलीच, पॉज केलं, परत वाजली. होलमधून बघितलं तर एक भलंमोठं नाक आणि मागे ओली छत्री.

"बाय, तुमच्या गाडयेर चुडत पडलां."

आमचा वॉचमन! गाडीवर माडाची झावळी पडलीय म्हणून सांगायला आलेला. पाच वर्षं रोज बघते या माणसाला, तरी चेन न काढता फटीतूनच "सकाळी बघते" म्हटलं. तो काहीच बोलला नाही, माझ्याकडे बघत एक पाऊल मागे सरला आणि जिना उतरताना दोनदा वळून बघितलं त्याने. दार लावल्यावर लक्षात आलं, मघाशी अननस कापत होते ती सुरी हातातच होती.