नांदूरमधमेश्वर: मनोऱ्याआधी बांधावरून फिरा

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्यात येणारे बरेच जण गाडी थेट चापडगावच्या गेटला लावतात, पक्षी बघायच्या मनोऱ्यावर चढतात, बदकं बघतात आणि निघतात. बदकं भारीच आहेत, गोदावरी-कादवाच्या संगमावरचं हे पाणी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं ते उगाच नाही. पण आजूबाजूची कांदा, गहू, उसाची शेतं सोडून जाऊ नका असं माझं अगदी मनापासून सांगणं आहे.

आम्ही जानेवारीत गेलो. निफाडची थंडी माहितीये ना, स्वेटर आणि कानटोपी दोन्ही लागतंच. धुकं थोडं विरल्यावर बांधावरून चालायला सुरुवात केली आणि पहिल्याच तारेवर कोतवाल, वेडा राघू, खाटीक, पुढे गव्हाच्या कडेला काडीच्या टोकावर गप्पीदास.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जिथे पाणी भरणं चालू असेल तिथे जा!! वाफ्यात पाणी शिरलं की किडे वर येतात आणि मग पिवळे धोबी, गायबगळे, टिटव्या, शराटी सगळे तिथेच गोळा होतात, तुम्ही फक्त लांब उभं राहायचं. पाण्याच्या मोटारीला वीज कधी दिवसा असते कधी रात्री, त्यामुळे आज पाणी कुठे चालू आहे हे भेटेल त्या शेतकऱ्याला विचारा, राम राम करून विचारलं तर लोक बांधापर्यंत सोबत येतात. पाटाच्या कडेला गवतात नजर ठेवा, नीलकंठी हमखास तिथे दिसतो, शेपटी वर उडवली की बाजूचा तांबूस रंग चमकतो, गळ्याचा निळा मात्र तो तोंड आपल्याकडे करेल तेव्हाच. मी तर अर्धा तास तिथून हललेच नाही. पिकावरून अगदी खालून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी गेला तेव्हा सगळे एकदम उडाले.

आता काळजी. उसात शिरू नका, कडेनेसुद्धा पहाटे एकट्याने जाऊ नका, या भागात बिबटे आहेत आणि ते उसातच राहतात. द्राक्षबागेत फवारणी चालू असेल तर लांबून वळसा घाला. बांध सोडून वाफ्यात पाय ठेवायचा नाही, फोटो कितीही चांगला मिळणार असला तरी, कांद्याची रोपं तुडवली गेली तर पुढच्यांना कोण येऊ देईल? मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवणं पण नको. ओली काळी माती बुटाला चिकटते, जुने बूट घाला, दुर्बीण आठ बाय बेचाळीसची (आठ पट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिमी भिंगाची) पुरते.

साधारण दहानंतर ऊन चढलं की शेतातली गडबड कमी होते, मनोऱ्याकडे तेव्हा जा. गेटवर स्थानिक गाईड मिळतात, त्यांच्याकडे स्कोप (तिपाईवरची मोठी दुर्बीण) असतो, तो घ्याच, नाहीतर लांबचे थापट्या आणि तलवार बदकं नुसते ठिपके दिसतात.