‘सॅलरी स्लिप आणा’

सोलापूरच्या अशोक चौकातून केगावला विद्यापीठात रोज दोन रिक्षा बदलून जायचा कंटाळा आला होता, म्हणून स्कूटी घ्यायची ठरवली. जेआरएफ, म्हणजे पीएचडीच्या संशोधनासाठी मिळणारी फेलोशिप, सुरू होऊन आठ महिने झालेले. महिन्याला ३७,००० रुपये. यंत्रमागावर आठवड्याचा पगार मोजण्यात हयात गेलेल्या आमच्या अप्पांना हा आकडा मी दोनदा सांगितला. कर्ज काय, चुटकीसरशी मिळेल, असं वाटलं.

बँकेत साहेबांनी आधी सॅलरी स्लिप मागितली. नाही. फॉर्म सोळा, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा दाखला? तोही नाही, आयकर कायद्यानुसार आमची फेलोशिप करमुक्त, मग टीडीएस कुठून कापणार?

"म्हणजे नोकरी नाही."

"करताच येत नाही, सर. दुसरीकडे पगारी काम करणार नाही असं लिहून दिलंय."

"मग तुम्ही विद्यार्थी. एज्युकेशन लोन बघा."

त्यात स्कूटी बसत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. विभागाचं प्रमाणपत्र, फेलोशिपचं अवॉर्ड लेटर, आठ महिन्यांचं पासबुक, सगळं दाखवलं. पासबुकानेच घात केला: एका महिन्यात काहीच नाही, पुढच्यात दोन महिन्यांचे एकदम. विद्यापीठातून दर महिन्याला मेकर-चेकरची (एकाने माहिती भरायची, दुसऱ्याने तपासायची) ऑनलाइन मंजुरी गेल्याशिवाय आमचे पैसे निघत नाहीत. हे त्यांना समजावता समजावता जेवणाची सुट्टी झाली.

शेवटी घराजवळची पतसंस्था. तिथे अर्जातच ‘व्यवसाय’पुढे नोकरी, धंदा, शेती एवढंच छापलेलं. मी ‘संशोधक’ लिहिलं. कारकुनाने ते वाचून ‘इतर’ केलं. म्हणाले, पीएफ कापला जाणारा जामीनदार आणा.

घरात तसं एकच माणूस. आई. तीस वर्षं विड्या वळतेय, हजार विड्यांमागे ठरलेल्या दराने, आणि विडी कामगार म्हणून तिचा पीएफ कापला जातो. माझा नाही. मांडीवरचं सूप बाजूला ठेवून, तंबाखूचे हात पदराला पुसत ती आली आणि सही केली. नऊ दिवसांत कर्ज मंजूर! हप्त्याची तारीख पाच होती, ती मी हातापाया पडून वीस करून घेतली.

आता दर वीस तारखेला सकाळी आई विचारते, "भरलास का गं? नाहीतर माझा पीएफ जाईल." पीएफवर जप्ती येत नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.