‘गेनसे’मधला ‘गेन’

सावंतवाडीत मी अनेक वर्षे कोर्टाच्या कागदपत्रांची भाषांतरे करतो. गेल्या महिन्यात शेजारच्या काकी काजूच्या बागेकडे जाणाऱ्या वाटेच्या दाव्याचा निकाल घेऊन आमच्या पडवीत आल्या, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. निकालातील ‘इट कॅनॉट बी गेनसेड’ या शब्दांचा अर्थ नातवाने ‘यातून लाभ होणार नाही’ असा सांगितल्यामुळे, दावा हरलो या समजुतीने त्यांनी रात्र जागून काढली होती. प्रत्यक्षात न्यायाधीशांनी लिहिले होते की, ही वाट काकींच्या घराच्या वहिवाटीत पूर्वापार आहे, हे नाकारता येणार नाही. मी ते वाचून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे आता कोणाक उलाट बोलूक गावाचा नाय.”

काकींनी नकळत त्या शब्दाची अचूक फोड केली होती. ‘गेनसेड’ हे ‘गेनसे’ या क्रियापदाचे रूप. त्यातील ‘से’ म्हणजे बोलणे, आणि ‘गेन’ म्हणजे लाभ नव्हे, तर ‘विरुद्ध, उलट’. लाभ या अर्थाचा ‘गेन’ फ्रेंचमधून इंग्रजीत आला. हा ‘गेन’ मात्र जर्मानिक, म्हणजे इंग्रजी आणि जर्मन ज्या भाषाकुळातल्या त्या कुळातला, जुना उपसर्ग असून ‘अगेन्स्ट’ आणि जर्मनमधील ‘गेगन’ ही त्याचीच भावंडे आहेत. ‘अगेन’ही त्याच घरातला. त्याचा मूळ अर्थ ‘उलट दिशेने, माघारी’ असा होता आणि ‘पुन्हा’ हा अर्थ त्याला नंतर चिकटला. यात मराठी माणसाला नवल वाटू नये, कारण ‘परत आला’ आणि ‘परत सांग’ या दोन्ही ठिकाणी आपला ‘परत’ हेच काम करतो.

‘गेनसे’ इंग्रजीत इ. स. १३००च्या सुमारास दिसू लागतो. १६११ सालच्या किंग जेम्स बायबलमध्ये, लूकच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात, येशूने शिष्यांना अशी वाणी देण्याचे वचन आहे की, विरोधकांना तिचा प्रतिवाद करता येणार नाही. तिथे हाच शब्द आहे. लॅटिनमधून आलेल्या ‘काँट्रॅडिक्ट’ने, ज्याची घडणही ‘विरुद्ध’ आणि ‘बोलणे’ अशीच आहे, पुढे त्याची जागा घेतली. आपला ‘प्रतिवाद’ही त्याच बांध्याचा.

‘गेनसे’ला ‘विथसे’ नावाचा आणखी एक जोडीदार होता. तो आता वापरातून गेला आहे, पण मला त्याचे फार अप्रूप वाटते. जुन्या इंग्रजीत ‘विथ’चा मुख्य अर्थ ‘सोबत’ नव्हता, ‘विरुद्ध’ होता, आणि ‘विथस्टँड’मध्ये तो अजून टिकून आहे. मराठीतला ‘शी’ हा प्रत्यय असाच दोन्ही बाजूंचा आहे : शेजाऱ्याशी सोयरीक होते आणि बांधावरून शेजाऱ्याशीच वादही होतो. समोरासमोर उभे राहणे दोन्हींत असते, म्हणून एकच प्रत्यय पुरतो, असे मला वाटते.

आज ‘गेनसे’ बहुधा नकाराबरोबरच भेटतो, आणि आपल्याकडच्या न्यायालयीन इंग्रजीत तर तो वरचेवर येतो. पूर्वी मी त्याचे भाषांतर ‘निर्विवाद आहे’ असे करीत असे. काकींच्या प्रतीत मात्र मी ‘याच्या उलट कोणालाही म्हणता येणार नाही’ असे लिहिले, आणि यापुढेही तसेच लिहिणार आहे.