मेंढरं बसवायची म्हणजे

आमच्या माणदेशात 'मेंढरं बसवायची' याचा अर्थ एकच. पीक निघालं की धनगराला सांगावा धाडायचा, दोन-चार रात्री त्याचा कळप आपल्या रानात मुक्कामाला ठेवायचा, लेंड्या-मुताचं खत जमिनीला मिळायचं आणि त्याला धान्य नाहीतर पैसे. संध्याकाळी वाघूर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावून आत दोन-तीनशे मेंढरं कोंबलेली असायची. तो वास घरापर्यंत यायचा आणि मी नाकाला ओढणी लावून अभ्यास करायची. ओढणी लावणारी ती मुलगी आता स्वतःच मेंढ्या पाळते, हे कळल्यावर आई फोनवर पाच मिनिटं नुसती हसत होती.

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, वैरारापा भागात, कार्टरटन गावाबाहेर आमची २ हेक्टर जमीन आहे. म्हणजे पाच एकर. अशा तुकड्याला इथे 'लाइफस्टाइल ब्लॉक' म्हणतात. नाव भारी, पण लाइफस्टाइल म्हणजे मुख्यतः चिखलाचे गमबूट. नवऱ्याची नोकरी वेलिंग्टनला आहे. तो रोज रेल्वेने रेमुटाकाच्या जवळजवळ ९ किलोमीटरच्या बोगद्यातून जातो-येतो. मी इथेच वृद्धांची सेवा करणारी नर्स आहे. वेलिंग्टनमधल्या घरांच्या किमती ऐकून आम्ही डोंगर ओलांडून अलीकडे आलो, एवढाच तो सगळा ध्येयवाद.

मेंढ्या हौसेनं घेतल्या नाहीत, गवताच्या धाकानं घेतल्या. ऑक्टोबरात गवत गुडघ्यापर्यंत येतं आणि जानेवारीत ते वाळून कोळ झालं की टारारुआ डोंगरावरून सुटणाऱ्या वाऱ्यात एक ठिणगी पुरे. शेजारचे आजोबा कुंपणावर हात टेकून म्हणाले, "मशीन कसलं घेतेस, मेंढ्या घे. मशीन कोकरं देत नाही." (इथे त्यांना पोरंटोरंही नावानं हाक मारतात. मला ते अजून जमत नाही, मनात मी त्यांना आजोबाच म्हणते.)

दोन घ्यायला गेले आणि आठ आणल्या. मेंढीला एकटं राहणं सोसत नाही. तीन-चारांच्या खाली कळप गेला की त्या सैरभैर होतात. रॉम्नी जातीच्या संकराच्या, गोल तोंडाच्या, गुबगुबीत. सात तारांचं कुंपण होतंच. लांडगा नाही, कोल्हा नाही, साप तर या देशात नावालाही नाही. गावाकडच्या धनगराला हे ऐकवलं तर तो सामान बांधून निघेल, असं मी नवऱ्याला म्हटलं होतं.

शत्रू होता, पण तो इवलासा, हिरव्या पाठीचा. पहिल्याच जानेवारीत एक मेंढी कळपापासून दूर उभी राहून सारखी पाय आपटत होती आणि मान वळवून कुशीला चावू बघत होती. मला वाटलं माशी बसली असेल. माशीच होती, पण बसून, अंडी घालून, गेलेली. शेपटीजवळची लोकर बाजूला केली तर खाली अळ्यांचा बुजबुजाट. मी वॉर्डात काय काय पाहिलेलं आहे, तरी तिथे पोटात ढवळलं. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची शेपटी मुळातच बोटभर असते. रॉम्नीची लांब, म्हणून इथे कोकरू असतानाच आखूड करतात. तरीही लोकर वाढली की शेपटीखाली लेंड्यांचे गोळे लोंबायला लागतात, ओल धरते आणि माशीला निमंत्रण जातं. त्या दिवशी आजोबांनी आजूबाजूची लोकर कातरून, अळ्या झाडून, औषध मारून तिला वाचवलं.

"कातरायची कशाला, नैसर्गिक राहू द्या की," असं मला पुण्यातल्या एका मैत्रिणीनं लिहिलं होतं. तिला मी श्रेकची गोष्ट पाठवली. श्रेक हा दक्षिण बेटावर टारासजवळचा एक मेरिनो. तो वर्षानुवर्षं कातरणी चुकवत गुहांत लपून राहिला आणि २००४ साली सापडला तेव्हा अंगावर २७ किलो लोकर होती. टीव्हीवर थेट प्रक्षेपण करून त्याला भादरलं. माणसानं शेकडो पिढ्या निवडून निवडून अशी मेंढी घडवली, की तिची लोकर आता आपणहून गळत नाही. गळणाऱ्या जातीही आहेत, विल्टशायर नावाची इथे बरीच चालते. पण आमच्या आठजणी त्यातल्या नव्हत्या. तेव्हा कातरणं भाग होतं.

आता कातरणारा आणायचा कुठून? आठ मेंढ्यांसाठी कुणी येत नाही. टोळ्या येतात त्या हजारांच्या कळपासाठी, आमचा नंबर 'बघू, जमलं तर' या यादीत. आणि गंमत अशी, की आमच्यापासून पंधराएक किलोमीटरवरचं मास्टरटन ही या विद्येची पंढरीच. १९६१ पासून तिथे जवळजवळ दर वर्षी 'गोल्डन शिअर्स' ही कातरणीची स्पर्धा होते. खुल्या गटाच्या अंतिम फेरीत एकेकाच्या वाट्याला वीस मेंढ्या येतात आणि त्या सतरा मिनिटांच्या आसपास उरकतात. म्हणजे मेंढीला मिनिटही नाही. डेव्हिड फेगन यांनी ती १६ वेळा जिंकली आणि पुढे त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. मेंढ्या भादरून सर होता येतं, हे वडिलांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. मी एकदा बघायला गेले. घामानं निथळणारे गडी, मशीनचा किर्र आवाज, लोकांची आरोळी. गंमत वाटली, पण धास्तीही. नुसती घाई चालत नाही तिथे. कातडी कापली, लोकर तुटकी निघाली तर गुण जातात. तरी मला वाटलं, हे आपलं काम नव्हे.

आजोबा तरुणपणी दक्षिण बेटाच्या उंच डोंगरांत हाताच्या कातरीनं कातरायचे. तिकडच्या मेरिनोंना अजूनही काही ठिकाणी अशीच कातरतात, कारण कातरीनं अंगावर लोकरीचा एक थर शिल्लक राहतो आणि अवचित बर्फ पडलं तर जनावर गारठून मरत नाही. मशीन अगदी कातड्यालगत साफ करतं. त्यांनी गोणपाटात गुंडाळलेली कातर काढली. दोन त्रिकोणी पाती, मागे पोलादाची कमान, मध्ये खिळा नाही. मुठीत दाबायची, सोडली की कमान आपोआप उघडते. आवाज फक्त करकर, करकर, असा. मला तीच आवडली.

पण कातर हातात यायला महिना गेला. आधी मेंढी बसवायला शिकायचं होतं.

इथली ही बसवणी म्हणजे साठ-पासष्ट किलोच्या मेंढीला ढुंगणावर टेकवायचं, तिची पाठ आपल्या गुडघ्यांना, चारी पाय हवेत. डावा हात हनुवटीखाली घालून तिचं तोंड तिच्याच खांद्याकडे वळवायचं, उजवा हात मागच्या जांघेजवळ, आणि आपण एक पाऊल मागे सरकायचं. बळ लावायचं नसतं. तोल तिचाच जातो. नीट बसली की मेंढी एकदम निवांत होते, न्हाव्याच्या खुर्चीत झोपलेल्या म्हाताऱ्यासारखी. नीट नाही बसली तर मग तुमची नडगी आणि तिचं खूर.

पहिल्या वर्षी माझ्या हातून व्हायचं ते झालं. मी प्रत्येक गोष्ट हळुवार करत होते. हळुवार धरत होते, हळूच कातर घालत होते, मधूनमधून "बाळा, झालं हं" वगैरे मराठीतून समजूतही चालू. मेंढी सारखी झटके देत होती. कुशीवरच्या सैल कातड्यापाशी आले आणि तिनं लाथ झाडली. कातरीच्या टोकाशी रुपयाएवढं कातडं निघून आलं. रक्त फार नाही, पण पांढऱ्या लोकरीवर थेंबभरही केवढं दिसतं! मी कातर टाकून दिली. आजोबांनी जखमेवर फवारा मारला, मेंढीला सोडलं, आणि चहाचा मग माझ्या हातात देत म्हणाले, "तू तिला काचेचं भांडं धरल्यासारखी धरतेस. ती काय समजते, या बाईला आपण काय करतोय ते ठाऊक नाही. मग ती पळायचं बघणारच."

हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरजच नव्हती. नव्वदीतल्या आजींना पलंगावरून खुर्चीत बसवताना आम्ही नवीन मुलींना हेच शिकवतो. तळवा पूर्ण टेकव, नुसती बोटं लावू नकोस. तुझा हात चाचपडला की त्यांना पडायची भीती वाटते आणि मग त्या कठड्याला घट्ट धरून बसतात. कामावर अठरा वर्षं जे हातांना येत होतं, ते गोठ्यात आल्यावर मी विसरले होते.

दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुमारास, पुन्हा बसले. तयारी आदल्या दिवसापासून: मेंढ्या रात्रभर उपाशी बंद ठेवायच्या, कारण भरल्या पोटानं तसं बसवलं तर छातीवर दाब येऊन त्यांना धाप लागते. लोकर कोरडी हवी. इथल्या टोळ्या मेंढ्या ओल्या आहेत की कोरड्या यावर चक्क मतदान घेतात, बहुमत 'ओल्या' म्हणालं की काम बंद. आमच्या दोघांच्या मतदानात आजोबांचं मत दोनदा मोजलं जातं. पायांत बूट नकोत. कातरणारे जाड कापडाचे मऊ मोकॅसिन घालतात, मी दोन जोड मोजे चढवते. मेंढीचं वजन कुठे सरकतंय हे पावलांना आधी कळतं.

मग क्रमानं. आधी पोट. तिथली लोकर मळकट, ती वेगळी टाकायची. सडांवर डावा हात झाकणासारखा. मग जांघा, डावा मागचा पाय, शेपटी. मग हनुवटी वर करून गळा, डावा खांदा, आणि तिथून तिला एका कुशीवर लोळवून पाठीवरून शेपटीपासून मानेपर्यंत लांबच लांब काप. सगळी खुबी डाव्या हातात. उजवा फक्त कातर चालवतो, डावा पुढचं कातडं ताणत जातो. ताणलेलं कातडं कापत नाही, सुरकुतलेलं कापतं. आणि एकदा गेलेल्या जागेवर पुन्हा कातर फिरवायची नाही. 'जरा राहिलंय तेवढं' म्हणून फिरवली की आखूड तुकडे पडतात आणि सगळी लोकर सूत कातायला नालायक होते. मला हा मोह अजून आवरत नाही. आमच्या मेंढ्यांच्या पाठीवर पायऱ्या दिसतात, लेक म्हणते, "आई, रायगड केलास."

एकीला मला चाळीस मिनिटं लागली. आठ मेंढ्या, तीन सकाळी. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. शेवटची उठून उभी राहिली तेव्हा लोकर एका अख्ख्या गोधडीसारखी जमिनीवर पडली होती, आतली बाजू वर, पिवळसर पांढरी, ऊबदार, तुपकट. चार किलो भरली. त्या तुपकटपणाचं नाव लॅनोलिन, क्रीमच्या डब्यांवर असतं तेच. त्या दिवशी संध्याकाळी करंज्या लाटताना हात इतके मऊ होते, की पारीला तूपही लावलं नसतं तरी चाललं असतं. वास मात्र तोच होता, ओढणीवाला.

लोकरीचं काय करता, हे सगळे विचारतात. इथे १९८२ साली सात कोटी मेंढ्या होत्या, आता अडीच कोटींच्या आत. रॉम्नीची जाड लोकर गालिच्यांसाठी जायची, त्या जागी कृत्रिम धागा आला. मधली कित्येक वर्षं अशा लोकरीच्या पैशांतून कातरणाऱ्याची मजुरीही निघत नव्हती. आमच्यासारख्यांच्या चार गोण्यांना तर व्यापारी हातही लावत नाही. दोन गोण्या मी हौसेखातर धुऊन पिंजून ठेवल्या आहेत. बाकीची आलुबुखारच्या झाडांच्या बुंध्यांशी पसरली. तण दबतं, ओल टिकते.

गेल्या महिन्यात वडिलांनी व्हिडिओ कॉलवर आमच्या रानात मेंढरं बसवणाऱ्या मामांना आणलं. आता सत्तरीचे आहेत, मिश्या पांढऱ्या, फेटा तोच. मी आठव्या मेंढीला बसवून दाखवलं. ते फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले.

"पाय बांधलं न्हाईत?"

"नाही मामा."

"आन् गप बसलीया व्हय!" मग वडिलांकडे वळून, "आमी आडवी पाडून, पाय बांधून, दोघं जण धरतो, तवा कुठं." पुन्हा माझ्याकडे. "कोकरं किती देती?"

"बहुतेक जुळी."

"जुळी आता फलटणला बी हायती. निंबकरांची सुवर्णा." हे त्यांनी असं सांगितलं, की न्यूझीलंडनं फार टेंभा मिरवू नये. खरंच आहे, बंगालच्या गरोल मेंढीतला जुळं देणारा जीन फलटणच्या निंबकरांच्या संस्थेनं दख्खनीत आणला, तीच ही सुवर्णा जात, आणि हाच जीन ऑस्ट्रेलियातल्या एका मेरिनो वाणातही आहे. मी एवढं सगळं सांगायला लागले, पण मामांचं लक्ष माझ्या मागे होतं.

"ते झाडाच्या बुडी पांढरं काय पडलंय?"

"लोकर."

मामा गप्प झाले. आमच्याकडच्या मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरूनही किलोभर भरत नाही. ती साठवायची, सूत काढायचं, विणायचं, चिंचोक्याची खळ द्यायची, तेव्हा एक घोंगडं होतं.

"चार किलोची," मी उगीचच म्हटलं.

"एका मेंढीची?"

"हो."

त्यांनी फोन वडिलांच्या हातात दिला आणि फेटा काढून मांडीवर ठेवला. लांबून आवाज आला, "दादा, हिला म्हणावं, एखादी गोणी धाड हिकडं."

टपालाचा खर्च विचारून आले आहे. गोणीच्या किमतीला नव्हे, माझ्या अर्ध्या आठवड्याच्या पगाराला ती गोणी पडेल. शिवाय कच्ची लोकर भारतात उतरवायला कागदपत्रं लागतील ती वेगळीच. जानेवारीत सुट्टीला येताना धुतलेल्या लोकरीतली थोडी सूत करून आणता येईल का, बघते आहे. चरखा आजोबांच्या बायकोचा आहे, माळ्यावर पडलेला.