आमची वाटचाल : शेडनेटमधल्या रोपापासून घरातल्या मिरचीपर्यंत

आमचा मूळ धंदा शेतकऱ्यांना रोपं पुरवण्याचा. नाशिकच्या मखमलाबादला शेडनेट, प्रोट्रेमध्ये, म्हणजे रोपांच्या खणाखणांच्या ट्रेमध्ये, टोमॅटो, कोबी, मिरची. दिंडोरी-निफाडकडच्या गाड्या पहाटेच भरायच्या. शहरातलं गिऱ्हाईक यायचं ते रविवारी, एखाददुसऱ्या कुंडीसाठी.

पण गंगापूर रोड, इंदिरानगरच्या फ्लॅटमधून तक्रार एकच यायची. “दादा, झाड मस्त वाढलंय हो, पण मिरची एक नाही!” घरी जाऊन बघितलं की कुंडी खिडकीपासून आत, सोफ्याशेजारी. आपल्या डोळ्यांना तिथे लख्ख वाटतं, मिरचीला ती सावलीच. त्यात मायेने वरचेवर युरिया. त्यातलं नत्र जास्त झालं की झाड माजतं, नुसता पाला धरतं.

गिऱ्हाइकाला रोप विकायचं नाही, फळ धरलेलं झाड द्यायचं, असं तेव्हा ठरवलं. नर्सरीतल्या एका खोलीत रॅक लावले. शेंड्यापासून फूटभर वर पांढरे एलईडी, टायमरवर रोज १४ ते १६ तास. रात्री पूर्ण अंधार. झाडालाही विसावा लागतो. दहा-बारा इंची कुंडी, त्यात कोकोपीट, गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड. कळ्या दिसू लागल्या की नत्र आखडतं, पोटॅश थोडं जास्त.

खरं काम त्यानंतर. मिरचीचं फूल स्वतःच्याच परागावर फळतं, पण बंद खोलीत वारा नाही, माशी नाही, मग पराग हलणार कसा? आमच्याकडच्या ताई सकाळी प्रत्येक फुलाच्या देठाला बोटाने हलकी टिचकी मारतात. ज्वाला जातीच्या मिरचीचं फूल खाली मान घालून असतं, आत जांभळट परागकोश. ते उकललेले असले तर टिचकीसरशी नखावर बारीक भुकटी उतरते. फूल धरलं की पाकळ्या सुकून चिकटून राहतात आणि मधून काडीच्या गुलाएवढा हिरवा ठिपका डोकावतो. तो ठिपका बघायला मी अजूनही रोज सकाळी त्या खोलीत जातो.

नाशिकची हवा सांभाळावी लागते. रात्री १५ अंशांच्या खाली गेलं की फुलगळ सुरू, म्हणून डिसेंबर-जानेवारीत कुंडी रात्री काचेपासून आत ओढा असं सांगतो. एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावर स्लॅब रात्रभर तापलेला असतो, तेव्हाही फुलं गळतात. पंखा लावा, कुंडी थंड खोलीत हलवा. पानं वाटीसारखी वळली तर पानामागे बघायचं. बहुतेक वेळा फुलकिडे नाहीतर कोळी (माइट) असतात. कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात फेटून संध्याकाळी फवारायचं, दिवे बंद झाल्यावर.

लाइट बिल बघून घरचे म्हणायचे, दहा रुपयांच्या मिरचीसाठी कशाला हा खटाटोप? पण स्वतःच्या कुंडीतली मिरची खुडून ठेच्यात घालायची असते, ती बाजारात मिळत नाही. आता फळ धरल्याशिवाय कुंडी गाडीत चढत नाही, आणि सोबत टायमर देतो. टिचकी कशी मारायची तेही तिथेच करून दाखवतो. सध्या ज्वाला आणि लवंगी तयार आहेत. भूत जोलोकिया रॅकवर आहे, पण ती पिकायला फार वेळ घेते. मागणी नोंदवून ठेवा, फळ धरलं की आम्हीच फोन करू.